सम्राटचं सील

॥ श्री गजानन प्रसन्न ॥
पांढुर्णा, १६ ऑगस्ट १९८८

चि. सौ. उषास वहिनीचे अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला. घरात आठ दिवसांपासून एकच विषय चालू आहे आणि त्याला शेंडाबुडखा नाही. तुझी भाची नागपूरहून कॉम्प्युटरचा कोर्स संपवून आली. आता छाया म्हणते, बाबांच्या टायपिंग क्लासच्या मागच्या खोलीत कॉम्प्युटरचा क्लास काढते. तुझे दादा म्हणाले, काढ, पण भाऊबीजेपर्यंत मुदत. त्या दिवशी हजेरीत बारा विद्यार्थी दिसले तर क्लास तिचा, नाहीतर तू आणलेल्या मुलताईच्या स्थळाला होकार. मुलताईकरांना लग्नानंतर क्लासबिस नको, हे तूच लिहिलं होतंस. बापलेकीनं टाळी दिली आणि ठरलं. मला कोणी विचारलं नाही. मी तिथेच बसून डाळ निवडून राहिली होती.

आता यंत्र कोणतं घ्यायचं, यावर रोज भांडण. एक आहे सम्राट कंपनीचं. नागपूरला सीताबर्डीवर काचेचं दुकान, आत गेलं की थंडी वाजते. किंमत विचारली की चहा विचारतात. दुसरं आहे तिथल्याच महाल भागातल्या एका जिन्यावरच्या खोलीत. तिथे गुलाब नावाचा मुलगा सुटे भाग आणून जोडून देतो. इंजिनीअर आहे, छायाच्या कोर्सला शिकवायला यायचा. पाटी नाही, पंखा आहे तो टेबलावरचा. पण सम्राटच्या एकाच्या पैशात त्याची दोन येतात.

आणि खरी गोष्ट पुढे आहे. छायाच्या कोर्सच्या मोठ्या सरांनी मराठी-हिंदी लिहायचा प्रोग्राम तयार केला आहे. आपण कोरी फ्लॉपी न्यायची, म्हणजे पापडासारखी पातळ काळी चौकोनी वस्तू असते ती, आणि सर त्यात भरून देतात. पैसे घेत नाहीत. वर सांगतात, तुम्हीही दुसऱ्याला भरून द्या. मला तर हे प्रसादासारखं वाटलं. फक्त तो चालायला यंत्राच्या पोटात एक पट्टी बसवावी लागते. गुलाब बसवून देतो. सम्राटवाले म्हणतात, पोट उघडायचं नाही, सील आहे, सील तुटलं की गॅरंटी गेली. हिंदी पाहिजे तर त्यांचाच प्रोग्राम वेगळा विकत घ्यायचा, तो मुंबईहून येईल तेव्हा येईल.

मी म्हटलं, इथल्या पोरांना नगरपालिकेत, सोसायटीत, तहसीलीत नोकरी पाहिजे. तिथे इंग्रजी कोण वाचते? गुलाबचं घ्या. तर तुझे दादा म्हणतात, "विजया, तुला यातलं काय कळते?" संत्र्याचा भाव मला कळते, भाडेकरूचं वीजबिल कळते, घरखर्चाचा हिशेब मॅट्रिकपासून मी ठेवते. यातलंच तेवढं कळत नाही.

जावईबापूंचं मत विचारून कळव. त्यांचं दादा ऐकतात.

तुझी
विजयावहिनी


सौंसर, २५ ऑगस्ट १९८८

ती. सौ. वहिनींना उषाचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र यांना वाचून दाखवत होते. अर्ध्यावरच उठले आणि ऑफिसात जाऊन नागपूरला फोन लावला. सम्राट कंपनीत यांच्या ओळखीचे एक साहेब आहेत. त्यांना शब्द देऊन आले, की आमच्या मेहुण्यांकडे तुमचंच यंत्र जाईल. हप्त्याची सोय करून देतो म्हणाले. तहसीलीतल्या बडेबाबूचा शब्द आहे, वहिनी, आता मागे कसा घेतील?

यांचंही चुकलं नाही. लोधीखेड्याच्या माणसानं जोडून दिलेला आमचा टीव्ही तुम्हाला आठवत असेल. त्या रविवारी अर्धी आळी ओसरीत बसवली, दोनदा चहा झाला, आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. सगळे जाताना म्हणत होते, "बडेबाबू, चहा मस्त होता." तेव्हापासून हे म्हणतात, वस्तू घ्यावी तर नाव असलेली. नाव पाहूनच पोरं क्लासात येतील.

मुलताईचं स्थळ वाईट नाही. मुलगा बँकेत आहे, सुपारीसुद्धा खात नाही. छायानं हट्ट करू नये एवढंच.

आणि त्या गुलाबचं आडनाव काय? तुम्ही लिहिलं नाही. यांनी विचारायला सांगितलं.

तुमची
उषा


॥ श्री गजानन प्रसन्न ॥
पांढुर्णा, २० सप्टेंबर १९८८

चि. सौ. उषास आशीर्वाद.

मी मत विचारलं होतं. जावईबापूंनी यंत्रच पाठवलं.

आडनाव गजभिये आहे. यंत्राला ते कळत नाही. खोली पाहायला आला तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवून गेला, तेव्हा हा विषय इथेच संपला.

सम्राटचं यंत्र घेऊन तिघे आले. एक टाय लावून. या उकाड्यात टाय. त्यानं सगळ्यांना चपला बाहेर काढायला लावल्या, ते मला आवडलं, देवाच्या खोलीसारखं वाटलं. मग त्यानं मागच्या स्क्रूवर चिकटवलेला लाल कागद दाखवला आणि म्हणाला, "मॅडम, ये कभी नहीं टूटना चाहिए." गॅरंटीचा कागद माझ्या हातात दिला. मी तो गजानन महाराजांच्या फोटोखाली ठेवला आहे. गॅरंटी म्हणजे काय हे मला आता समजलं. आपल्या पैशानं आणलेल्या वस्तूला आपण हात लावायचा नाही, तिला गॅरंटी म्हणतात.

नाव पाहून पोरं आली, खोटं कशाला सांगू. पहिल्या आठवड्यात नऊ आली. सगळ्यांनी एकच विचारलं, "ताई, हिंदी-मराठी होते का याच्यावर?" छाया म्हणते, होईल, कंपनीचं मुंबईहून येणार आहे. आणि सरांची फ्लॉपी तिच्या पर्समध्ये तशीच पडून आहे. काल दोघांनी येणं बंद केलं. एकाचा बाप येऊन म्हणाला, "बाई, पोट्ट्याले इंग्रजी येत असतं त मी त्याले तुमच्याकडं काहून धाडलं असतं?"

तुझे दादा पेपर वाचून राहतात. मी काही बोलली की पेपर वर जातो.

दसऱ्याला सगळे इकडे या. टायपिंगच्या मशिनींची पूजा दरवर्षी मी करते. यंदा नवं यंत्र तुमच्या शब्दानं आलं आहे, त्याची पूजा तू कर. बघू, तुझ्या हाताला यश असेल तर.

तुझी
विजयावहिनी


सौंसर, २३ ऑक्टोबर १९८८

ती. सौ. वहिनींना सा. नमस्कार.

सुखरूप पोचलो. बसमध्ये जागा मिळाली, रामाकोन्याला थोडा वेळ बंद पडली तेवढंच.

दसरा किती छान झाला. छायाची ती खोली, झेंडूचं तोरण, दादांच्या मशिनी हळदकुंकवानं ओळीनं नटलेल्या आणि मधे तो मोठा पांढरा कॉम्प्युटर. यथासांग पूजा माझ्या हातून झाली, काही म्हणजे काही राहू दिलं नाही. आता तुमच्या क्लासला कुणाची नजर लागत नाही, बघा.

एक सांगायचं राहिलं. मुलताईकरांनी तिसऱ्यांदा निरोप धाडला. नाही कसं म्हणू? त्यांना मी भाऊबीजेला पांढुर्ण्यालाच या म्हटलं. आम्ही तिथे असूच. छायानं त्या दिवशी ती निळी साडी नेसावी.

तुमची
उषा


॥ श्री गजानन प्रसन्न ॥
पांढुर्णा, २६ ऑक्टोबर १९८८

सौ. उषास.

तुझं पत्र आलं. नजरेचं म्हणशील तर लागली आहे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून यंत्र बंद आहे. म्हणजे पडदा उजळतो, पण फ्लॉपी आत घेत नाही. घातली तर जात्यात खडा आल्यासारखी करकरते आणि ओरखडा पडून बाहेर येते. अशा तीन फ्लॉप्या गेल्या. छायानं कंपनीला फोन केला. ते म्हणाले, इंजिनीअर दिवाळीनंतर येईल, तोवर सील उघडू नका. गुलाबला बोलवावं तर सील. सील न तोडता तो काय बाहेरून आरती ओवाळेल?

वर आणखी एक ताप. टेबलावर मुंग्या. लाल, बारीक, भिंतीवरून ओळीनं उतरून यंत्राकडे जातात. मी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या, खडूची रेघ मारली, पोरांना दटावलं की इथे डबा उघडायचा नाही. पोरं म्हणतात, आम्ही डबा आणतच नाही. छायानं फोनवर मुंग्यांचंही सांगितलं, तर तिकडून साहेब म्हणाले, मुंग्या गॅरंटीत बसत नाहीत. मी मागे बसून ऐकलं, "बसत नाहीत" असंच म्हणाले.

आता पाच पोरं उरली. पाचच. आणि अशा वेळी तू आम्हाला न विचारता मुलताईकरांना बोलावून मोकळी झालीस. साडीसुद्धा ठरवलीस. छाया परवापासून नीट जेवली नाही. तिच्या बाबांनी पेपर खाली ठेवून तिच्याकडे पाहिलं आणि परत वर केला.

उषा, एक विचारते. राग आला तर येऊ दे. आधी तुमच्या शब्दानं हे बंद डोक्याचं यंत्र आलं. मग मुलताईकर. क्लास बुडावा असं तर तुझ्या मनात नाही?

विजया


सौंसर, ३० ऑक्टोबर १९८८

ती. सौ. वहिनींना नमस्कार.

तुमचं पत्र पदराआड वाचलं. सासूबाई समोर बसल्या होत्या.

वहिनी, तुम्ही मला असं लिहावं? छायाला मी न्हाऊ घातलं आहे. तुम्ही बाळंतपणानंतर तापानं पडल्या होत्या, तेव्हा ती माझ्याच कुशीत झोपायची. तिचा क्लास बुडावा म्हणून मी देवापुढे बसेन?

तुम्हाला खरं सांगते. त्या दिवशी तुम्ही सगळे आरतीला ओसरीत गेलात, मी मागे राहिले. म्हटलं, दादांच्या मशिनींना नुसतं हळदकुंकू चालते, पण याला तर तोंड आहे. छाया त्यात ती काळी फ्लॉपी घालते आणि हे गिळून घेते, मी पाहिलं होतं. देवाला आपण नैवेद्य नुसता दाखवतो, हे तर खरंच खाते. म्हणून चिमूटभर साखर आणि कुंकवाच्या चार अक्षता त्याच्या तोंडात घातल्या आणि छाया लावते तशी कडी लावून दिली. हात जोडून म्हटलं, बाबा रे, माझ्या पोरीला यश दे. कोणाला सांगितलं नाही, सांगितलं तर फळत नाही म्हणून. आता तुम्ही सांगा, वाईट चिंतणारी बाई साखर घालते का?

हे म्हणतात, कंपनीला लिहून द्या की यंत्र आलं तेव्हापासूनच खराब होतं. ओळखीचे साहेब आहेत, बदलून देतील. फक्त सील शाबूत ठेवा.

मुलताईकरांना आता येऊ नका कसं म्हणू, ते मला सुचून नाही राहिलं.

तुमची
उषा


॥ श्री गजानन प्रसन्न ॥
पांढुर्णा, ४ नोव्हेंबर १९८८

चि. सौ. उषास अनेक आशीर्वाद.

माझ्या मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोडलेलं समज. मी ते लिहायला नको होतं.

तुझं पत्र मी मोठ्यानं वाचत होती. साखरेपर्यंत आली आणि छाया खाली जमिनीवरच बसली. मला वाटलं रडते. हसून राहिली होती, मग रडली. तुझ्या दादांनी पेपर घडी करून ठेवला. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. म्हणाले, "मुंग्या हुशार निघाल्या."

हसू ओसरलं आणि मी देवघरात गेली. जावईबापूंनी सुचवलं तसं लिहून दिलं तर नवं यंत्र येईल, हे मलाही कळते. पण तो कागद महाराजांच्या फोटोखाली आहे, उषा. रोज सकाळी त्याच फोटोला हात जोडायचे आणि संध्याकाळी कागदावर खोटं लिहायचं, हे माझ्यानं होत नाही. आणि खरं सांगितलं तर साखर काही त्यांच्या गॅरंटीत बसणार नाही. म्हणजे गॅरंटी दसऱ्यालाच गेली. आपण नुसतं लाल कागदाला राखण बसलो होतो.

छायाला म्हटलं, पहाटेच्या पॅसेंजरनं जा आणि गुलाबला घेऊन ये.

दुपारी आला. पिशवीत स्क्रू फिरवायचा पेचकस, कापूस, ब्रश. यंत्राच्या मागे वाकून बघितलं आणि उभाच राहिला. म्हणे, "काकू, सील तुमीच तोडा. मी तोडलं त कंपनी म्हणन, यानंच बिघडवलं." मी तुझ्या दादांकडे पाहिलं. ते म्हणाले, "माझ्याकडे काय पाहतेस, कागद तुझ्या ताब्यात आहे." मग मी स्वयंपाकघरातून भाजीचा चाकू आणला, महाराजांचं नाव घेतलं आणि तो लाल कागद उभा चिरला. एवढंसं कर्रर्र झालं. त्यासाठी आम्ही दीड महिना जीव मुठीत धरून बसलो होतो.

आत बघशील तर. साखरेचा चिकट गोळा, त्यावर मुंग्यांची जत्रा, आणि फ्लॉपी जिथून आत जाते तिथे एक लाल तांदूळ आडवा. गुलाबनं तो चिमट्यानं काढून माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाला, "कंपनीच्या सीलनं आमाले बाहेर ठेवलं, काकू. आत्याबाईले नाई ठेवू शकलं."

एवढं हसलो की टायपिंगची पोरं दारात येऊन उभी राहिली.

त्यानं सगळं पुसून साफ केलं. यंत्र वाईट नाही, म्हणाला, आतलं काम चोख आहे, फक्त कोणाला हात लावू देत नाही. मग पोट उघडंच होतं तर सरांची ती पट्टी बसवून दिली. छायानं पर्समधून फ्लॉपी काढली आणि मला विचारलं, "आई, पहिलं काय लिहू?" मी म्हटलं, श्री लिही. आणि पडद्यावर श्री उमटला. नीट, जोडून, आपल्या वहीतल्यासारखा.

मी कंपनीला पत्र टाकलं आहे. आमच्या घरी दसऱ्याला यंत्राला साखर भरवली गेली, सील मी तोडलं, गॅरंटीचा कागद सोबत परत. कोणी भरवली ते लिहिलं नाही.

गेलेली पोरं परत आली. दारातल्या पाटीवर छायानं खडूनं लिहिलं, हिंदी-मराठीत शिकवले जाईल, पात्रता मॅट्रिक पास. आज अकरा आहेत. एक कमी. भाऊबीज पुढच्या शुक्रवारी. मधे दिवाळी, दिवाळीत कोण नाव घालते? तुझ्या दादांना म्हटलं, अकरा काय आणि बारा काय. तर म्हणतात, ठरलं ते ठरलं.

तू ये. निळी साडी तूच नेस.

तुझी
विजयावहिनी


सौंसर, ८ नोव्हेंबर १९८८

ती. सौ. वहिनींना सा. नमस्कार.

मी येत नाही, वहिनी. कुठल्या तोंडानं येऊ?

कंपनीला तुमचं पत्र पोचल्यावर त्या ओळखीच्या साहेबांनी यांना ऑफिसात फोन केला. काय बोलले कोण जाणे, पण टायपिस्टनं ऐकलं. आता तहसीलीत कोणी चहा घेतला तर विचारतात, "बडेबाबू, साखर घरी टाकू का मशिनीत?" हे दोन दिवसांपासून बिनसाखरेचा चहा पिऊन राहिले. मी केलं हे यांना ठाऊक नाही. तुम्हीच केलं असं यांना वाटते, आणि मी गप्प बसले. माफ करा.

दादांची ओवाळणी मी इथूनच चंद्राला ओवाळून करीन. मुलताईकर तुमच्याकडे परस्पर येतील. यांचं म्हणणं, बारा म्हणजे बारा, दादांनी शब्द फिरवू नये. मला मात्र रोज वाटते, ते चार दाणे तांदूळ मी घातले नसते तर एव्हाना बारा झाले असते.

तुमची
उषा


॥ श्री गजानन प्रसन्न ॥
पांढुर्णा, १४ नोव्हेंबर १९८८

चि. सौ. उषास अनेक आशीर्वाद.

हे पत्र हातानं लिहिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. मी यंत्रावर लिहून राहिली आहे. सकाळी भात चढवून बसली, आता दिवे लावायची वेळ झाली. एकेक अक्षर शोधावं लागते. ळ तर कुठे दडवून ठेवला आहे देव जाणे. छाया मागे उभी राहून "आई, जोरात नको दाबू, ती वांगी नाहीत" म्हणते. बाहेरच्या मुलांना अहो-जाहो, आणि आईला हे.

जावईबापूंना मीच केलं असं वाटते तर वाटू दे. मी साखर फार जपून वापरते, हे त्यांना कधी आठवलं तर त्यांचं तेच समजतील.

भाऊबीजेचं सांगते. मुलताईकर अकराच्या बसनं आले. चौघे होते. फराळ झाला. मुलाच्या वडिलांनी तुझ्या दादांना विचारलं, "मग क्लासचं काय ठरलं?" तुझे दादा उठले, हजेरीचं रजिस्टर घेऊन आले आणि सगळ्यांसमोर उघडलं. अकरा नावं. छाया दारात उभी. तिनं चौकटीला असा हात धरला होता की मला माझं लग्न ठरलं तो दिवस आठवला. तेव्हा पुढे शिकू का, असं विचारायचं माझ्या ओठावर होतं आणि ओठावरच राहिलं.

मी पुरणाचे हात पुसले आणि म्हटलं, "बारावं नाव लिहा."

"कोणाचं?" तुझे दादा म्हणाले.

"माझं. पाटीवर पात्रता काय लिहिली आहे? मॅट्रिक पास. सर्टिफिकेट पेटीत आहे, आणून दाखवू? फी घरखर्चातून शिल्लक पडलेल्यातून देते, त्यात तुमचा पैसा नाही."

"विजया, पाहुण्यांसमोर थट्टा करू नये."

"थट्टा नाही. यातलं मला काय कळते, असं तुम्हीच तीन महिन्यांमागे विचारलं होतं. आता शिकते."

मग मुलाची आई, इतका वेळ पदर सावरून बसली होती ती, हळूच म्हणाली, "मीबी मॅट्रिक हाय." नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं तसं तिनं करंजी उचलली. तुझ्या दादांनी खिशातला पेन काढला. मला वाटलं रागानं रजिस्टर मिटतील. त्यांनी माझं नाव पूर्ण लिहिलं, बापाच्या नावासकट नाही, नवऱ्याच्या नावासकट नाही. नुसतं विजया. म्हणाले, बाकीचं फॉर्ममध्ये भर.

मुलताईकर चारच्या बसनं गेले. चांगलं बोलून गेले. स्थळाचं पुन्हा काढलं नाही.

तुमची ती साखरेची गोष्ट बोरगावपर्यंत पोचली आहे. काल तिथून दोन पोरं आली, त्यांना तो तांदूळ पाहायचा होता. पाहिला आणि नावं घालून गेली. म्हणजे बारा तसेही झालेच असते, पण भाऊबीज गेल्यावर.

दुसरं यंत्र गुलाबकडून घेतो आहोत, संक्रांतीपर्यंत जोडून देतो म्हणाला. त्याला सील नाही. म्हणून तूच ये पूजेला, मी रागावलेली नाही. गुलाबनं त्याच्या तोंडाला झाकण बसवून द्यायचं कबूल केलं आहे. तो म्हणतो, आत्याबाईसाठी खास.

सोबत डब्यात अनारसे आहेत. ते माणसांसाठी आहेत.

तुझी
विजया